हजाराची नोट आणि गादीची चिठ्ठी

अकरावीला अर्थशास्त्र शिकवताना वर्षातला एक तास मी खास राखून ठेवायची. त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. पर्समधून एक नोट काढायची, वर धरायची आणि विचारायचं, "हे काय आहे?" पोरं ओरडायची, "पैसे!" मी म्हणायची, "चूक. ही उधारी आहे." वर्ग एकदम जागा व्हायचा. मग एखाद्या मुलीला पुढं बोलवून नोटेवरची बारीक ओळ वाचायला लावायची. 'मैं धारक को' अशी ती सुरू होते. ही नोट ज्याच्या हातात आहे त्याला इतके रुपये देण्याचं वचन मी देतो, असं गव्हर्नर त्यात सही करून सांगतात. आता वचन कोण देतं? ज्याच्याकडं देणं असतं तो. म्हणजे नोट खिशात असताना तुम्ही नुसते श्रीमंत नसता, सावकार असता. देशाची सगळ्यात मोठी बँक तुमची देणेकरी, आणि नोट ही तिनं लिहून दिलेली चिठ्ठी. खिशात दहाची नोट असलेला पोरगासुद्धा त्या दिवशी कॉलर ताठ करून घरी जायचा.

तो तास मी अजून घेते, पण घाईघाईनं उरकते. नोट वर धरत नाही. कारण हेच शहाणपण मी एकदा माझ्या वडलांपुढं पाजळलं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आम्ही पिंजारी. परंड्यात स्टँडकडून किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. समोर कापसाचे ढीग, मागं पिंजायचं मशीन, आणि सगळ्यावर पांढरी पूड. अब्बांच्या भुवयासुद्धा दिवसभर पांढऱ्या असायच्या. शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं माझे वडील लई म्हातारे आहेत. लोक घरच्या जुन्या गाद्या फोडून कापूस आणून द्यायचे, अब्बा तो पिंजून, नव्या खोळीत भरून, दाभणानं टाके घालून पुन्हा गादी करून द्यायचे. लग्नसराईत कामं तुंबायची. मग कापूस ठेवून घ्यायचा आणि चिठ्ठी द्यायची.

ही चिठ्ठी म्हणजे अब्बांचा खास प्रकार होता. जुन्या लग्नपत्रिकांचे ते कात्रीनं चौकोनी तुकडे करून ठेवायचे. कोऱ्या बाजूवर कापसाचं वजन, गाद्या किती, आणि खाली उर्दूत सही. गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे नाहीत. "नाव कशाला? चिठ्ठी आणंल त्याला गादी," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांच्या चिठ्ठ्या गावात फिरायच्या. कुणी लेकीला माहेरचा आहेर म्हणून चिठ्ठीच द्यायचं. कुणी उसन्या ज्वारीपोटी चिठ्ठी देऊन टाकायचं. एकदा जवळच्या सोनारी गावच्या एका म्हाताऱ्यानं अशी जुनी चिठ्ठी आणली की तिच्या मागच्या बाजूच्या नवरानवरीला शाळेत जाणारी पोरं झाली होती. एक कोपरा उंदरानं खाल्लेला. मी म्हटलं, याचा कापूस आता कुठला? अब्बांनी सही निरखली, आपलीच आहे म्हणाले, आणि पदरचा कापूस घालून गादी दिली. "माझ्या चिठ्ठीला मुदत न्हाय," हे वाक्य ते वर्षातून चारदा तरी म्हणायचे, आणि म्हणताना जरा छाती काढायचे.

आमच्या घरात दखनी उर्दू चालते, इथं मी ती मराठीत सांगते. पण अम्मा सोनारीची. तिथं आमच्यातली घरं अगदी थोडी, त्यामुळं ती मराठीतच वाढली. रागावली, लाजली, हट्टाला पेटली की ती मराठीवर यायची. अब्बा तिच्याशी भांडायचे तेही मराठीतच. प्रेमाचं काय बोलले असतील तर तेही त्याच भाषेत असणार, पण ते आमच्या कानांवर कधी आलं नाही.

आता मेहेरचं सांगायला हवं, नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्यात निकाह लावताना मेहेर ठरतो. नवऱ्यानं बायकोला द्यायची ती रक्कम. ती तिची एकटीची. तिचं ती काय करते हे नवऱ्यानं विचारायचंसुद्धा नाही. दिली नाही तर ते त्याच्या डोक्यावरचं कर्ज. काजीसाहेब रक्कम वाचतात आणि पुढं म्हणतात, 'सिक्का राएजुल वक्त', म्हणजे त्या वेळी चालणारं नाणं. कायदा असा लखलखीत. रिवाज मात्र निराळा. रिवाज असा की रक्कम दणक्यात बोलायची, कारण द्यायचं कुणाला असतं! आणि नवरा गेला की मयत उचलायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याच्या बायकोला पुढं आणतात आणि सांगतात, "मेहेर माफ कर. तीनदा म्हण." समोर माणूस पांढऱ्या कपड्यात पडलेला असताना कुठली बाई नाही म्हणेल? मी तर त्याहून शहाणी. लग्नाच्या पहिल्याच दिवशी नवऱ्यानं हसत विचारलं, "माफ?" आणि मीही लाजत "माफ" म्हणून टाकलं. अर्थशास्त्रात एम.ए. झालेली बाई! अंगठाबहाद्दर बाईनंसुद्धा आधी रक्कम किती ते विचारलं असतं.

अब्बांना या माफीचा मनस्वी राग होता, आणि त्याला कारण त्यांची आई. दादीचा मेहेर निजामाच्या हाली शिक्क्यात ठरला होता. पुढं निजाम गेला, हाली रुपया गेला. दादीनं कधी विषय काढला की दादा, म्हणजे माझे आजोबा, म्हणायचे, "शिक्काच उरला न्हाय, देऊ काय?" घरात हशा पिकायचा. दादा गेले तेव्हा बायकांनी दादीला पुढं आणलं. तिनं तीनदा माफ केलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना पदर तोंडात कोंबला. दारात उभ्या असलेल्या अब्बांनी ते पाहिलं. तेव्हा त्यांचं नवीनच लग्न झालं होतं. आपण मरू तेव्हा आपल्या बायकोला कुणी 'माफ कर' म्हणायला नको, एवढं त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं.

ठरवणं सोपं असतं. अम्माचा मेहेर हजार रुपये होता, आणि त्या काळी पिंजाऱ्याच्या घरी हजार रुपये एका जागी कधी दिसायचे नाहीत. मशीन घेताना अम्माची कर्णफुलं मोडली. मग माझं शिक्षण, दादीचं आजारपण, घरावरचे पत्रे. मी नोकरीला लागले त्यानंतर कधीतरी बार्शीच्या एका मंगल कार्यालयाची मोठी ऑर्डर आली, गाद्या आणि लोड-तक्के. मालकानं पैसे चुकते केले त्यात हजाराची एक कोरी नोट होती, लालसर रंगाची. परंड्यात तेव्हा ती नोट कुणी फारशी पाहिली नव्हती. शेजारच्या किराणा दुकानाचे आप्पा तिला उजेडात धरून म्हणाले, "भाई, हिची मोड द्यायची तर माझं दुकान गहाण टाकावं लागंल."

अब्बांना मोड नकोच होती. त्यांनी आप्पांना घरी आणलं. मी सुट्टीला आलेली होते, मलाही बसवलं. साक्षीला दोघं पाहिजेत म्हणाले. आप्पा लिंगायत वाणी. त्यांना हा प्रकार भलताच गमतीचा वाटला. "बायकोला पैसे द्यायला साक्षीदार? आमच्यात बायका विचारत न्हाईत, घेत्यात!" अब्बा हसले नाहीत. त्यांनी नोट अम्मापुढं धरली आणि म्हणाले, "तुझा मेहेर. मोजून घे." एका नोटेत मोजायचं काय? पण अम्मानं हात धुतले, पुसले, नोट पदरात घेतली आणि म्हणाली, "पोचला." एवढंच. अब्बांनी लगेच समोरच्या हॉटेलातून भजी मागवली, आप्पांना आग्रह करकरून खाऊ घातली. त्यानंतर कितीतरी दिवस ते दुकानात शीळ घालायचे. पिंजारी शीळ घालत नाही, तोंडात पूड जाते. पण त्यांना कोण सांगणार!

त्या नोटेत तेव्हा कानातलं नीट काहीतरी आलं असतं. अम्माच्या कानांत त्या वेळी नुसत्या काड्या होत्या. आम्हाला वाटलं, करील. तिनं केलं नाही. अब्बांनी विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही. मला वाटलं, घरात गेले असतील. बायकांचे पैसे घरातच जातात.

मग नोटबंदी आली. पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा एका रात्रीत बाद. घरोघरी बायकांचे डबे उघडले. कुणाच्या हरभऱ्याच्या डाळीतून, कुणाच्या उशीच्या अभ्र्यातून नोटा निघाल्या आणि नवऱ्यांना प्रथमच कळलं की आपली बायको आपल्यापेक्षा बरी शिल्लक टाकते. मी रजा टाकून परंड्याला आले, अब्बांच्या गल्ल्यातल्या नोटा घेऊन बँकेच्या रांगेत उभी राहिले. निघताना अम्माला विचारलं होतं, "तुझ्याकडं काय असलं तर दे." ती भाकरी थापत होती. "माझ्याकडं खर्चायचं काय न्हाय," ती म्हणाली. मला घाई होती. मी निघून गेले.

ती नोट सापडली त्याला फार वर्षं झाली नाहीत. अब्बांचं दुकान तोवर बंद झालं होतं. जन्मभर गिळलेली कापसाची पूड त्यांच्या छातीत बसली होती. बार्शीच्या डॉक्टरांनी कापसाजवळ जायलासुद्धा बंदी केली. ते दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे, दोन वाक्यांनंतर थांबून श्वास घ्यायचे. रमजानच्या आधी अम्मानं कुराण शरीफचं जुजदान, म्हणजे ते गुंडाळायचं कापडी पाकीट, धुवायला काढलं. त्याच्या आतल्या शिवणीतून तिनं एक घडी काढून बाजूला ठेवली. अब्बा समोरच होते. लाल नोट त्यांनी लगेच ओळखली.

"हे काय? बदलली न्हाईस?"

"काय बदलायची?" अम्मा म्हणाली. "ती काय बाजारची नोट हाय व्हय? ती तर दिलेली हाय. मेहेर हाय माझा."

तिच्या हिशेबात नोटबंदी होती बाजारातल्या नोटांना. जी नोट कधी खर्चायचीच नाही, जी एकानं दिली आणि दुसरीनं 'पोचला' म्हणून घेतली, तिचा बाजाराशी संबंध काय? रोज कुराण पढताना तिचा हात त्या घडीला लागायचा, तेवढा उपयोग तिला पुरत होता. ही चूक फक्त आमची अम्माच करू शकते. पण खरं सांगते, आजवर मला तिला ती चूक नीट समजावून सांगता आलेली नाही.

अब्बांनी मात्र अंथरूण धरल्यासारखं केलं. "म्हंजे माझं देणं राहिलंच की," एवढं एकच. आप्पा आले, त्यांनी व्यापाऱ्याच्या भाषेत समजावलं. "भाई, तुमी दिली तवा नोट चालती होती. त्यांनी घेतली. साक्षीला म्या होतो. व्यवहार मिटला. नंतर नोट मेली त्याला तुमी काय करणार?" अब्बांनी मान हलवली. थोडं पटलंही असावं. संध्याकाळी जेवले नीट, असं अम्मा फोनवर म्हणाली.

इतक्यावर मिटलं असतं. पण त्या रविवारी मी नोकरीच्या गावाहून, धाराशिवहून आले.

अब्बांनी मला नोट दाखवली आणि विचारलं, "तू कालेजात ह्येच शिकवतीस ना? सांग मला, ही नोट म्हंजे नेमकं काय?" बाप लेकीला तिच्या विषयातलं विचारतोय, मला केवढा आनंद झाला! मी खुर्ची ओढून बसले आणि तास सुरू केला.

म्हटलं, "अब्बा, ही तुमच्या चिठ्ठीसारखीच चिठ्ठी आहे. गव्हर्नरसाहेबांची."

"हौ. ते कळतंय. चिठ्ठी आणंल त्याला पैसे."

"बरोबर."

"मग साहेबाकडं ही चिठ्ठी नेली, तर त्यो काय देणार?"

"दुसरी नोट."

अब्बा माझ्याकडं बघत राहिले. "चिठ्ठीच्या बदली चिठ्ठी? आन् कापूस कुठंय?"

मी खूश होऊन हसले. वर्गातल्या एकाही पोरानं हा प्रश्न इतक्या लवकर विचारला नव्हता. मी सांगितलं की पूर्वी नोटेच्या बदल्यात चांदीचा रुपया मिळायचा, आता तसं काही मिळत नाही, सगळं विश्वासावर चालतं. लोक घेतात म्हणून लोक घेतात. आणि या हजाराच्या नोटेचं तर देणंच आता उरलेलं नाही, तसा कायदाच करून टाकलाय.

"कुणी?"

"सरकारनं."

"ज्यानं द्यायचं, त्यानंच म्हणायचं का, देणं संपलं म्हणून?" अब्बा हसले, हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. "आमच्यात निदान बायकोला माफ कर म्हणून इचारत्यात तरी."

इथं मी थांबायला हवं होतं. पण तास रंगात आला होता. मी म्हटलं, "म्हणून तर सांगते अब्बा. तुम्ही अम्माला पैसे दिलेच नव्हते. दुसऱ्या कुणाचं तरी वचन दिलं होतं."

"मग काय दिलं म्हणायचं म्या तिला?"

अम्मा आतून चहाला हाक मारत होती. मी उठता उठता म्हणाले, "कागद."

हा शब्द परत घेता आला असता तर मी माझी नोकरी दिली असती. आणि तो खराही नव्हता, हे तेव्हाही मला माहीत होतं. चालू चलनात दिलेलं देणं फिटतं; नंतर नोटेचं काहीही होवो, देणारा मोकळा होतो. आप्पा साध्या शब्दांत तेच सांगून गेले होते. माझ्या पुस्तकात ते पुढच्याच पानावर आहे. पण त्या पानात गंमत नाही, पोरं त्याला हसत नाहीत, म्हणून मी ते नेहमी भरभर वाचून टाकते. अब्बांचा चेहरा बघून चहा घेताना मी ते सांगायला लागले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस तू." त्यानंतर कितीदा सांगितलं. बापाचा लेकीच्या शिक्षणावर विश्वास बसला होता, पण नेमका चुकीच्या वाक्यावर.

मग पाचशेच्या दोन नव्या नोटा आल्या. अब्बांनी त्या अम्मापुढं धरल्या. अम्मानं हात मागं घेतला. "एकदा 'पोचला' म्हणलंय म्या, आप्पांच्या देखत. आता दुसऱ्यांदा घेतलं तर पयलं खोटं ठरतंय. म्या खोटं बोलले व्हय?" अब्बांनी नोटा तिच्या उशाखाली ठेवल्या, दुसऱ्या दिवशी त्या त्यांच्या टोपीत निघाल्या. त्यांनी पिठाच्या डब्यात ठेवल्या. त्या त्यांच्याच औषधाच्या पुडीला गुंडाळून परत आल्या. ऐकायला गंमत वाटते. मीही फोनवर हसायची. पण अब्बा रोडावत चालले होते. नमाजनंतर फार वेळ हात वर धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, "दादांनी हसून टाळलं, म्या कागद देऊन टाळलं. फरक काय पडला?" मी रडले, समजावलं, पुस्तक उघडून ते पान वाचून दाखवलं. ते पुस्तकाकडं न बघता माझ्याकडं बघून हसले, लहान मुलाकडं बघतात तसं.

शेवटी तोड अम्मानंच काढली. "नोटा नगं मला. लईच वाटतंय तर एक गादी भरून द्या."

आमच्या घरात गादी नव्हती. कुणाला खरं वाटणार नाही, पण जन्मभर आम्ही सगळे वाकळेवर झोपलो. दुकानात भरलेली प्रत्येक गादी कुणाची तरी असायची, आणि उरलेला कापूस विकला जायचा. अम्मानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. गादी मागितली तेव्हा तिनं पुन्हा बजावलं, मेहेर म्हणून नाही हं, मेहेर पोचलाय. मला पाठीला पाहिजे म्हणून. अब्बांनी कशाला ऐकून घेतलंय! त्यांच्या लेखी मेहेरच फिटणार होता, आणि तोही या वेळी कुणा साहेबाच्या चिठ्ठीत नाही, स्वतःच्या हातच्या मालात. ते उठून बसले. अम्मा म्हणाली, "आन् चिठ्ठी? साऱ्या तालुक्याला चिठ्ठ्या दिल्या, मला न्हाय व्हय?" तेव्हा अब्बांनी पेटीतून जुनी लग्नपत्रिका काढली, कात्रीनं चौकोन कापला, एक गादी असं लिहिलं, खाली सही केली. अम्मानं ती चिठ्ठी जुजदानात त्या लाल नोटेशेजारी ठेवली. ते दोन्ही कागद आजही तिथंच आहेत.

अब्बांनी बार्शीहून कापूस मागवला, चांगला, लांब धाग्याचा. खोळीचं कापड स्वतः पसंत केलं, पांढऱ्यावर तांबड्या रेघा. मी फोनवर ओरडले. डॉक्टरांनी काय सांगितलंय, तुम्ही काय करताय, कुर्डुवाडीच्या दुकानातून तयार गादी आणू, मी पैसे देते. ते म्हणाले, "चिठ्ठी माझी, गादी दुसऱ्याची? अशी कुठं फिटती का?" तेच तर मी त्यांना शिकवलं होतं.

खोळ त्यांनी शिवली. बसून, थांबून, श्वास घेत घेत, तिन्ही बाजूंनी पक्की, भरायला तेवढी एक बाजू उघडी. अम्मा सांगते, ते दिवस त्यांचे बरे गेले. टाका चुकला की स्वतःला शिव्या द्यायचे, गिऱ्हाईक कडक आहे म्हणायचे. मग कापसाचं पोतं सोडलं. नाकातोंडाला फडकं बांधून त्यांनी हातानंच कापूस विंचरायला घेतला, आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ताप भरला. बार्शीच्या दवाखान्यातून त्यांना आम्ही घरी आणलं ते पांढऱ्या चादरीत.

गुस्ल, म्हणजे मयताची आंघोळ झाली, कफन झालं. मर्द अंगणात जमले, जनाजा जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर निघायचा होता. बायकांना शेवटचं तोंड बघायला आत घेतलं. खुंटीवर ती तांबड्या रेघांची खोळ घडी घालून तशीच टांगलेली होती. मला तिच्याकडं बघवत नव्हतं आणि दुसरीकडंही बघवत नव्हतं. फुफी, अब्बांची धाकटी बहीण, अम्माच्या दंडाला धरून तिला पुढं घेऊन आली आणि रडत म्हणाली, "भाबी, मेहेर माफ कर माझ्या भावाला. तीनदा म्हण."

ज्या वाक्याची अब्बांनी जन्मभर धास्ती घेतली, ते त्यांच्या उशाशी उच्चारलं गेलं होतं.

अम्मानं फुफीचा हात सोडवला. "मेहेर कशाचा माफ करू? फिटलाय त्यो."

"आगं, समद्याच म्हणत्यात. रिवाज हाय. म्हण."

"न्हाय म्हणायची." अम्माचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. अंगणातली कुजबुज थांबली. आप्पाही तिथंच होते. "मेहेर मला पोचला. ह्यांनी दिला, म्या घेतला. ऐकलं समद्यांनी?"

मग ती खाली वाकली, अब्बांच्या कानाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात, जवळ बसलेल्या आम्हा दोघी-तिघींनाच ऐकू जाईल असं, म्हणाली, "गादी माफ केली. गादी माफ केली. गादी माफ केली."

फुफी माझ्याकडं वळली. "कसली गादी गं?" तिनं विचारलं. मी खुंटीवरच्या खोळीकडं बोट दाखवलं.